‘वर विचारावे लागेल’ : मापनश्रेणीचे भाषांतर आणि केंद्राचा प्रश्न

कवितेच्या भाषांतरात काय हरवते, याची चर्चा मराठी समीक्षेने वेळोवेळी केली आहे. प्रश्नावलीच्या भाषांतरात काय हरवते, हा प्रश्न मात्र मानसशास्त्राच्या वा व्यवस्थापनशास्त्राच्या तांत्रिक कक्षेतला मानून साहित्यविचाराने बाजूला ठेवलेला दिसतो. वास्तविक भाषांतराच्या नैतिकतेचा प्रश्न कवितेपेक्षा प्रश्नावलीच्या संदर्भात अधिक तीव्रतेने उभा राहतो. कवितेच्या भाषांतरकाराला हानी मान्य करण्याची मुभा असते. मूळ कृतीचा काही अंश निसटला, असे प्रस्तावनेत म्हणण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मापनश्रेणीच्या भाषांतरकाराला ही मुभा नसते. दोन भाषांमध्ये, दोन समाजांमध्ये नेमकी तीच गोष्ट मोजली जात आहे, या दाव्यावरच त्याचे सारे काम उभे असते. हानी मान्य केली की मापन कोसळते. त्यामुळे हानी झालेली असली तरी ती आकड्यांच्या मागे अदृश्य राहण्याचा संभव येथे सर्वांत मोठा असतो.

प्रस्तुत विवेचनासाठी संघटनांमधील केंद्रीकरण मोजणाऱ्या मापनश्रेणीचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. १९६७ मध्ये जेरल्ड हेग आणि मायकेल एकेन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी समाजकल्याण व आरोग्य या क्षेत्रांतील १६ संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्रीकरणाची त्यांनी दोन अंगे कल्पिली. पहिले अंग निर्णयातील सहभागाचे : नवीन माणसे नेमणे, बढती देणे, नवी धोरणे आणि नवे कार्यक्रम स्वीकारणे या निर्णयांत कर्मचाऱ्याचा वाटा किती वेळा असतो, हे त्याला विचारायचे. दुसरे अंग अधिकाराच्या उतरंडीचे : वरिष्ठाच्या संमतीवाचून येथे फारसे काही करता येत नाही, लहानसहान बाबीही अखेरच्या उत्तरासाठी वर पाठवाव्या लागतात, अशा आशयाची काही विधाने त्याच्यापुढे ठेवायची आणि ती कितपत खरी आहेत हे नोंदवून घ्यायचे. या उत्तरांच्या सरासरीतून संस्थेतील केंद्रीकरणाचे मान निघते. सत्तेच्या वाटपासारखी गूढ गोष्ट मोजक्या विधानांत पकडणारी ही रचना पुढे अनेक देशांतील अभ्यासकांनी वापरली, यात नवल नाही.

अशा मापनश्रेण्या तुर्की भाषेतही आणल्या गेल्या आणि त्यांतील प्रश्न शाळाशिक्षकांपुढे ठेवले गेले. तुर्कस्तानात या विषयाला विशेष इतिहास आहे. १९२४ च्या शिक्षण-एकीकरणाच्या कायद्याने त्या देशातील सर्व शाळा एका मंत्रालयाच्या अधिकाराखाली आणल्या. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. १९३२ मध्ये भाषाशुद्धीचे कार्य करणारी तुर्की भाषा संस्था स्थापन झाली. म्हणजे ज्या भाषेत केंद्रीकरणाचे मापन करायचे, त्या भाषेचे आधुनिक रूपच केंद्राने घडवलेले आहे. तुर्की भाषांतरकाराला ‘वरिष्ठाला विचारावे लागते’ या आशयासाठी निदान दोन वाटा उपलब्ध असतात. क्रियापदाला ‘माली–मेली’ हा प्रत्यय लावला की बोलणाऱ्याला वाटणारे कर्तव्य सूचित होते; ‘झोरुंदा’ हे रूप योजले की बाहेरून आलेली सक्ती व्यक्त होते. या ‘झोर’मध्ये मराठी कानाला आपला फारसी ‘जोर’ तत्काळ ऐकू येईल. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. परंतु एकाला ‘सहमत’ म्हणणारा शिक्षक आपल्या शिस्तीची ग्वाही देतो, तर दुसऱ्याला ‘सहमत’ म्हणणारा शिक्षक तक्रार करतो. उत्तरपत्रिकेवरील खूण मात्र एकच असते.

केंद्र या शब्दाचाच प्रवास येथे उद्बोधक ठरतो. तुर्कीतील ‘मेर्केज’ अरबी ‘मरकज’वरून आला, सोलापूरच्या मोहल्ल्यांत ‘मरकज’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मराठीतील ‘केंद्र’ हा संस्कृत शब्द ज्योतिषाच्या मार्गाने ग्रीक ‘केन्त्रोन’वरून आला आणि इंग्रजीतील ‘सेंटर’चेही मूळ तेच. ग्रीक भाषेत या शब्दाचा आधीचा अर्थ टोचणारे टोक असा होता : बैल हाकण्याच्या पराणीची आर. वर्तुळ काढताना कंपासाचे स्थिर राहणारे टोक हा अर्थ त्यातूनच निघाला. स्थिर बिंदू आणि टोचणारी आर असे दोन अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदत होते, ही गोष्ट केंद्रीकरणाचा विचार करणाऱ्याने विसरू नये. संस्थेच्या आराखड्यावर केंद्र हा बिंदू असतो. ज्याच्या पाठीवर ते येते त्याला ती आर असते. मापनश्रेणी यांपैकी नेमके काय मोजते, असा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न सोलापूरच्या संदर्भात पाहिला की त्याचे अनेक पदर उलगडतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चार भाषा या शहरात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र वावरत आल्या आहेत. गिरण्या, हातमाग, यंत्रमाग आणि बिडी या व्यवसायांनी त्यांना एकत्र आणले. मोजले जाण्याचा, नोंदले जाण्याचा अनुभवही या शहराला नवा नाही. गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात येथे तारेच्या कुंपणातील वसाहत होती. तेथील माणसांची हजेरी घेतली जाई आणि त्यांचे श्रम गिरण्यांना मिळत. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी ‘सेटलमेंट’ हा शब्द शहराच्या बोलण्यात उरला. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला आणि धनंजयराव गाडगीळ यांचा त्यावरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. हजेरी घेणारा आणि सर्वेक्षण करणारा यांच्या हेतूंत मूलगामी फरक आहे, हे उघडच आहे. परंतु दोघेही हातात कागद घेऊन येतात आणि प्रश्न विचारतात. उत्तर देणाऱ्याच्या स्मृतीत हे दोन कागद वेगळे राहतीलच, अशी खात्री देता येत नाही.

आता त्याच विधानाचे मराठी रूप पाहावे. ‘साहेबांना विचारावे लागते’, ‘साहेबांना विचारले पाहिजे’, ‘साहेबांना विचारायचे असते’ आणि ‘साहेबांना विचारून करतो’ ही चार वाक्ये मराठीत सहज संभवतात. पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात कर्तव्य आहे, तिसऱ्यात रीत आहे आणि चौथ्यात बोलणाऱ्याचे स्वतःचे वळण आहे. ज्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांना विचारून पाऊल टाकणे हे सद्‌वर्तनाचे लक्षण मानले जाते, तेथे ‘विचारून करतो’ ही कबुली नसून आत्मगौरव असतो. म्हणजे भाषांतरकाराने क्रियापदाचे रूप निवडले त्या क्षणीच त्याने वर्णनाला मूल्य जोडले. कार्यालयातील मराठीत तर याहून नेमका शब्द आधीच सिद्ध आहे : ‘वर’. ‘वर विचारावे लागेल’, ‘फाईल वर गेली आहे’, ‘वरून आदेश नाही’. या ‘वर’ला नाव नाही, चेहरा नाही, खोली क्रमांक नाही. मूळ मापनश्रेणीत वरिष्ठ ही व्यक्ती आहे. मराठीत ती दिशा झाली आहे. व्यक्तीशी वाद घालता येतो, तिची बदली होते, ती निवृत्त होते. दिशेशी वाद घालता येत नाही. ‘वर’ हा एकाक्षरी म्हणावा इतका लहान शब्द केंद्रीकरणाचा जो अनुभव व्यक्त करतो, तो ‘माझा वरिष्ठ अधिकारी’ या प्रमाणित शब्दसंहतीत उरत नाही.

सोलापुरातील इतर भाषांकडे वळले की गुंता वाढतो. दख्खनीतील ‘पूछना पडता’ मराठी ‘विचारावे लागते’च्या जवळ आहे. तेलुगूत ‘अडगालि’ म्हटले तर विचारायला हवे एवढाच बोध होतो. ‘अडगाल्सि वस्तुंदि’ म्हटले तर विचारण्याची पाळी येते, असा ओढवलेपणाचा अर्थ त्यात उतरतो. कन्नडात ‘केळु’ या धातूचा अर्थ विचारणे असाही होतो आणि ऐकणे असाही. ‘केळबेकु’ म्हणजे विचारले पाहिजे. साहेबांचा शब्द या कर्माशी तेच क्रियापद जोडले की ऐकले पाहिजे, मानले पाहिजे. विभक्ती आणि संदर्भ अर्थाचा निर्णय करतात, हे खरे. तथापि विचारणे आणि आज्ञा पाळणे या क्रिया ज्या भाषेत एकाच धातूच्या छायेत राहतात, तेथे परवानगी मागण्याच्या कृतीला येणारा अर्थपरिसर इंग्रजीतील कृतीसारखा असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या भेदांवर शास्त्राने उपाय शोधले नाहीत, असे नव्हे. १९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी प्रत्यनुवादाची पद्धत मांडली. एकाने मूळ प्रश्नावली लक्ष्यभाषेत आणावी, दुसऱ्याने मूळ न पाहता तिचे पुन्हा मूळ भाषेत भाषांतर करावे आणि मग दोन्ही मूळभाषी संहिता ताडून पाहाव्यात. पद्धत उपयुक्त आहे; ढोबळ चुका तिने पकडल्या जातात. परंतु वरील चारही मराठी वाक्यांचे इंग्रजी भाषांतर एकाच वाक्यात होऊ शकते. चार वाटांनी गेलेले चौघे परतताना एकाच दाराने आत आले तर दारावरील माणसाला त्यांच्या वाटा कळत नाहीत. प्रत्यनुवाद मूळ भाषेतील भेद जपतो. लक्ष्यभाषेतील भेद त्याला दिसतच नाहीत.

सांख्यिकीय कसोट्यांचीही हीच मर्यादा आहे. क्रोनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा या गुणांकाने मापनश्रेणीतील विधाने परस्परांशी किती सुसंगत आहेत हे कळते. समजा, मराठी भाषांतरकाराने सर्व विधानांत निष्ठेने ‘लागते’ हेच रूप वापरले. उत्तर देणारा पहिल्या विधानातच तक्रारीचा सूर ओळखेल आणि पुढील विधानांना त्याच सुरात उत्तर देईल. जो तक्रार करू इच्छित नाही तो सर्वांना नकार देईल. गुणांक उत्तम येईल. परंतु ती सुसंगती संस्थेच्या रचनेची असेल की एका क्रियापदाची, हे गुणांक सांगू शकत नाही. विश्वसनीयता सिद्ध झाली आणि अर्थ निसटला, असे येथे घडू शकते.

यापुढे जाऊन असा प्रश्न विचारावा लागतो की मूळ मापनश्रेणीने जे विचारलेच नाही, त्याचे भाषांतर कोण करणार? नेमणूक, बढती, धोरण, कार्यक्रम हे चार निर्णय एका विशिष्ट प्रकारच्या कार्यालयातून आलेले आहेत. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांत तेलुगूभाषक स्त्रियांचा भरणा आहे. त्या पाने आणि तंबाखू घरी नेतात, वळलेल्या बिड्या कारखान्याच्या शाखेत आणून देतात. तेथे बिड्या तपासल्या जातात आणि काही नाकारल्या जातात. नाकारलेल्या बिडीमागे गेलेले श्रम परत येत नाहीत. या स्त्रीला धोरणनिश्चितीतील तिचा सहभाग विचारला तर उत्तर ‘कधीच नाही’ असे येईल आणि त्यातून काहीही कळणार नाही. तिच्या जीवनातील केंद्र तपासणाऱ्याच्या बोटांत आहे. विशेष असे की १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने हे ओळखले होते : कच्चा माल देणे, बिड्या नाकारणे आणि नाकारलेल्या बिड्यांची मजुरी यांवरील वाद सोडवण्यासाठी राज्य सरकारने प्राधिकारी नेमावा, अशी तरतूद त्यात होती. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मापनश्रेणीत या निर्णयाला जागा नाही. मापनश्रेणीच्या कर्त्यांचा यात दोष नाही; ते वेगळ्या संस्थांकडे पाहत होते. दोष असेल तर त्या श्रेणीला सार्वत्रिक मानून, केवळ तिचे शब्द बदलून, ती सर्वत्र नेणाऱ्या वृत्तीचा आहे.

शिक्षणक्षेत्राचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या बाबतीत तरी जे ‘वर’ कोल्हापुरात होते ते शहराजवळ आले. यास विकेंद्रीकरण म्हणावे काय? अंतर कमी झाले, खेटे कमी झाले. परंतु प्राध्यापकाचा अभ्यासक्रमावरील अधिकार वाढला की नाही, हा निराळा प्रश्न आहे. शिवाय अनुदानित महाविद्यालयात वेतन शासनाकडून येते, नेमणूक संस्था करते आणि अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या हाती असतात. ‘अखेरचे उत्तर वरून येते काय’ या विधानासमोर बसलेल्या प्राध्यापकाने या तिघांपैकी कोणते ‘वर’ डोळ्यांपुढे आणावे? तो एकाची निवड करील आणि संशोधकाला ती निवड कधीच कळणार नाही.

येथवर आल्यावर एक सोपा निष्कर्ष मोह घालतो. परक्या मापनश्रेण्या टाकून द्याव्यात आणि आपल्या भाषेतून, आपल्या अनुभवातून नवी श्रेणी रचावी. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीनंतर मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल आणि त्यात तथ्यही आहे. परंतु सोलापूर या निष्कर्षाला लगेच अडवते. मराठीत रचलेली श्रेणी बिडीकामगार तेलुगू स्त्रीपुढे ठेवली की मराठी ही तिथे तीच भूमिका बजावू लागते, जी इंग्रजी मराठीच्या बाबतीत बजावत होती. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभाराचे स्थान दिले. ते न्याय्य होते. पण त्यामुळेच या शहरातील अनेकांसाठी मराठी ही ‘वर’ची भाषा झाली आहे. प्रश्नावली मराठीत छापली जाते आणि दारात उभा असलेला पाहणीदार, किंवा घरातील शाळेत जाणारी मुलगी, ती आईला तोंडी तेलुगूत सांगते. या उंबऱ्यावरच्या भाषांतराची नोंद कोणत्याही अहवालाच्या पद्धती-प्रकरणात होत नाही. ते कोणी तपासत नाही, त्याचा प्रत्यनुवाद होत नाही; आणि उत्तर मात्र त्याच भाषांतराला मिळालेले असते. परकेपणाविषयी तक्रार करणाऱ्या मराठी अभ्यासकाला येथे आपल्याही केंद्रत्वाचा हिशेब द्यावा लागतो.

१९६६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्याख्यानात जाक देरिदा यांनी असे दाखवले होते की संरचनेचे नियमन करणारे केंद्र स्वतः मात्र त्या नियमनातून सुटलेले असते. मापनश्रेणीच्या भाषांतरात मूळ संहितेचे स्थान नेमके असे आहे. सर्व भाषांतरे तिच्याशी ताडून पाहिली जातात. तिला कोणाशी ताडून पाहिले जात नाही. भाषांतरात विधान बसले नाही तर भाषांतर सुधारले जाते अथवा विधान गळते. मूळ विधानाची फेरतपासणी क्वचितच होते. एका अर्थी मूळ भाषेने निर्णय घ्यायचा आणि लक्ष्यभाषेने अंमलबजावणी करायची. केंद्रीकरणाची व्याख्या याहून वेगळी काय आहे? जी रचना मोजायची, तीच रचना मापनाच्या कृतीत पुन्हा उभी राहते. त्यात आणखी एक बाब मिसळते. प्रश्नावली संस्थेत वाटण्यासाठी संस्थाप्रमुखाची परवानगी लागते, आणि मग ती वाटलीही जाते त्याच्याच कचेरीतून. ‘येथे वरिष्ठांच्या संमतीवाचून काही होत नाही’ हे विधान ज्या कागदावर छापलेले असते, तो कागद वरिष्ठांच्या संमतीनेच टेबलावर आलेला असतो. ‘असहमत’ या चौकटीत खूण करणारा कर्मचारी खोटे बोलतो आहे, असे कोण म्हणू शकेल?

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक भाषेने प्रश्न बदलायचे ठरवले तर तुलना अशक्य होईल. तुलनेवाचून अन्याय सिद्ध करता येणार नाही. एका शहरातील कामगाराला निर्णयात वाटा आहे आणि दुसऱ्या शहरातील कामगाराला नाही, हे दाखवण्यासाठी समान माप लागतेच. वजन-मापे प्रमाणित झाली तेव्हा बाजारातील दुबळ्याचेच रक्षण झाले. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, आणि खोडू पाहणाऱ्याने त्याची किंमत कोण देतो हे आधी सांगितले पाहिजे. तथापि वजनाच्या मापात आणि प्रश्नाच्या मापात एक भेद आहे. तराजूत टाकलेल्या धान्याला किलोचा अर्थ लावावा लागत नाही. प्रश्नाचा अर्थ मात्र ज्याला मोजायचे तोच लावतो, आणि त्या अर्थाला उत्तर देतो. म्हणून समान शब्द हे समान माप नव्हे. समान अर्थ साधण्यासाठी काही वेळा शब्द असमान ठेवावे लागतात.

ओस्वाल्ड वेर्नर आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० मध्येच केंद्रच्युत भाषांतराची कल्पना सुचवली होती. तिच्यानुसार मूळ आणि लक्ष्य या दोन्ही संहिता खुल्या राहतात; भाषांतरात अडलेले विधान मूळ भाषेतही बदलता येते. ही कल्पना प्रत्यनुवादाइतकी रूढ झाली नाही, कारण तिच्यासाठी मूळ संहितेच्या धन्याने आपला अंतिम शब्द सोडावा लागतो. परंतु नैतिक दृष्टीने तीच अधिक सुसंगत आहे. केंद्रीकरण मोजू इच्छिणाऱ्या शास्त्राने निदान आपल्या कृतीत तरी निर्णयाचा वाटा प्रश्न विचारला जाणाऱ्यांच्या भाषेला द्यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. तेलुगू बिडीकामगार स्त्रीने ‘हा प्रश्न माझ्यासाठी नाही, बिड्या कोण नाकारतो ते विचारा’ असे म्हटले, तर ते उत्तर गाळण्याजोगे नसून मापनाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असतो. तो नोंदवण्यासाठी अहवालात रकाना हवा. कोणते विधान कोणत्या भाषेत बसले नाही, कोणते क्रियापद कोणत्या कारणाने निवडले, दारात तोंडी भाषांतर कोणी केले, हे सांगणारी पाने गुणांकांच्या तक्त्याइतकीच आवश्यक मानली गेली पाहिजेत.

भाषांतर विश्वासू असावे, असे म्हटले जाते. कोणाशी विश्वासू, हे बहुधा विचारले जात नाही. कवितेचा भाषांतरकार कवीशी आणि वाचकाशी बांधलेला असतो. प्रश्नावलीचा भाषांतरकार मूळ कर्त्याशी बांधलेला असतोच. परंतु ज्याच्या आयुष्याविषयी प्रश्न आहे आणि ज्याच्या उत्तरावर उद्या कोणाचे तरी धोरण ठरणार आहे, त्याच्याशी तो अधिक बांधलेला असतो. सोलापूरसारख्या शहरात हा माणूस चारांपैकी कोणत्याही भाषेत उत्तर देईल. त्याने ‘वर विचारावे लागेल’ असे म्हटले तर त्या ‘वर’मध्ये प्रश्न विचारणाराही बसलेला आहे की काय, हे तपासण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे.